परत नाशिकला यायचंय, मग इंग्लंडच्या पगारातून पेन्शन कापू द्यावी का?

प्रश्न असा आहे: आम्ही दोघं नाशिकचे. मी चौदा महिन्यांपासून इंग्लंडमध्ये एनएचएसच्या (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या) रुग्णालयात नर्स आहे, बँड ५ या वेतनश्रेणीत, वय ३४. नवरा आधी अंबडला एमआयडीसीत होता, गेल्या महिन्यात इथल्या एका खाजगी कारखान्यात लागला, पगार ४२,००० पौंड. दोघांच्याही पगारातून पेन्शन कापली जाते. सहा-सात वर्षांनी नाशिकला परतायचं नक्की आहे. सासरे म्हणतात, तिकडे पैसा अडकवण्यापेक्षा ते बंद करा आणि दिंडोरी रोडला प्लॉट बघा. शिवाय धाकटा दीर ऑस्ट्रेलियाला निघालाय, त्याला काय सांगावं?

दोघांनीही बंद करू नये. मात्र तुमचं कारण वेगळं आणि त्यांचं वेगळं, कारण या दोन पेन्शनमध्ये नावापलीकडे फारसं साम्य नाही.

आधी एक गोष्ट साफ करू. इंग्लंडमध्ये नोकरीतल्या पेन्शनची योजना आपण निवडत नाही, ती मालकानं ठरवलेली असते. आपल्याकडे ईपीएफसाठी कुणी पसंती विचारत नाही, तसंच. आपल्या हातात उरतं ते आत राहायचं की बाहेर पडायचं, किती टक्के भरायचं, कपात कोणत्या पद्धतीनं करून घ्यायची, आणि खाजगी योजना असेल तर पैसा कोणत्या फंडात ठेवायचा. "कोणती कंपनी चांगली" या चर्चेत लोक तासन्‌तास घालवतात आणि टक्केवारीचा रकाना मात्र कधी उघडूनही बघत नाहीत.

आधी मिस्टरांचं बघू, कारण त्यांच्याकडे वेळ कमी आहे. तिथं २०१२ पासून ऑटो-एन्रोलमेंट आहे. वय २२ ते सरकारी पेन्शनचं वय यांच्यामध्ये असाल आणि वर्षाला १०,००० पौंडांच्या वर कमावत असाल, तर मालकाला तुमचं नाव योजनेत घालावंच लागतं. तो फार तर तीन महिने लांबवू शकतो, पण तेवढ्यातही आपण लेखी मागितलं तर आत घ्यावं लागतं. किमान वर्गणी ८ टक्के, त्यातले किमान ३ टक्के मालकाचे. हे टक्के पूर्ण पगारावर नसतात. कायद्यातला किमान हिशेब ६,२४० ते ५०,२७० पौंड या पट्ट्यावर होतो. म्हणून ४२,००० पगाराला हिशेबाची रक्कम येते ३५,७६०. तिचे ५ टक्के म्हणजे १,७८८ पौंड मिस्टरांचे, ३ टक्के म्हणजे साधारण १,०७३ पौंड मालकाचे. वर्षाला खात्यात जमा २,८६१.

आता हातातलं किती कमी होतं ते बघा. त्या १,७८८ पौंडांवर २० टक्के आयकर वाचतो, म्हणजे ३५८ पौंड. खिशातून प्रत्यक्षात जातात १,४३०. एक पौंड सोडला की खात्यात दोन पडतात, आणि तेही बाजार वर गेला की खाली याच्याशी संबंध न ठेवता, पहिल्याच महिन्यात. दिंडोरी रोडचा प्लॉट दुप्पट व्हायला किती वर्षं लागतात ते सासऱ्यांनाच विचारा. ते व्यवहारी असतील तर गप्प होतील.

त्यांच्या बोलण्यात तथ्यही आहे. हा पैसा खरोखरच अडकतो. सध्या ५५ वर्षांआधी हात लावता येत नाही आणि ६ एप्रिल २०२८ पासून ती अट ५७ वर्षांची होते. मुलीच्या शिक्षणाला, आजारपणाला, घराच्या हप्त्याला तो मिळत नाही, त्याच्यावर कर्जही काढता येत नाही. त्यामुळे माझं मत असं: मालक जितका हिस्सा देतो तितका पुरेपूर घ्यायचा, त्यापलीकडे स्वतःहून जादा भरायला मात्र घाई करायची नाही. तिकडे जाताना व्हिसा, तिकिटं, घराचं डिपॉझिट यासाठी पतसंस्थेचं किंवा पर्सनल लोनचं कर्ज डोक्यावर असेल तर जादा वर्गणीच्या आधी ते फेडा. प्लॉट घ्यायचाच असेल तर उरलेल्या बचतीतून घ्या. मालकाचा हिस्सा सोडून प्लॉट घेणं म्हणजे पगार कापून घेण्यासारखं आहे.

मालकाचा हिस्सा ३ टक्क्यांवरच थांबतो असं धरून चालू नका. बऱ्याच कारखान्यांत मॅचिंग असतं: तुम्ही ५ भरा, आम्ही ५, तुम्ही ६ भरा, आम्ही ६. नव्या माणसाला मात्र आपोआप किमान पायरीवर बसवतात आणि वर चढायचं कुणी आपणहून सांगत नाही. पगार विभागाला एका मेलमध्ये तीनच गोष्टी विचारा. मॅचिंग कमाल किती टक्क्यांपर्यंत आहे? टक्के पट्ट्यावर मोजता की पूर्ण मूळ पगारावर? आणि कपात कोणत्या पद्धतीनं होते?

तिसऱ्या प्रश्नावर जरा थांबतो. कपातीच्या तीन पद्धती आहेत. 'रिलीफ अॅट सोर्स'मध्ये दर १०० पौंडांमागे कर कापलेल्या पगारातून ८० पौंड जातात आणि योजना सरकारकडून २० मागून घेते. इथं एक खाचखळगा आहे: पगार पुढे ५०,२७० च्या वर गेला आणि ४० टक्क्यांचा कर लागला, तर वरचा कर आपोआप परत मिळत नाही, तो मागावा लागतो. 'नेट पे'मध्ये कर लागायच्या आधीच वर्गणी कापतात, मागायचं काही उरत नाही. तिसरी 'सॅलरी सॅक्रिफाइस'. यात कागदोपत्री तुमचा पगारच तेवढा कमी होतो आणि ती रक्कम मालक पेन्शनमध्ये टाकतो, म्हणून नॅशनल इन्शुरन्सही (पगारातून कापली जाणारी तिथली सरकारी वर्गणी) वाचतो. मिस्टरांच्या पट्ट्यात तो ८ टक्के आहे. १,७८८ वर साधारण १४३ पौंड वर्षाला. मालकाचाही १५ टक्के वाचतो. काही मालक त्यातला भाग तुमच्या खात्यात टाकतात, बरेच टाकत नाहीत. विचारायला लाज कसली. एप्रिल २०२९ पासून या पद्धतीतली इन्शुरन्सची सूट वर्षाला २,००० पौंडांपुरतीच राहणार आहे, पण तुमची रक्कम सध्या त्याच्या आत बसते.

सॅलरी सॅक्रिफाइसला होकार देण्याआधी एक पथ्य. व्हिसा मालकाच्या स्पॉन्सरशिपवर असेल आणि पगार किमान मर्यादेला जेमतेम टेकत असेल, तर कागदावरचा पगार कमी करणारा कोणताही बदल एचआरकडून लेखी तपासून घ्या. 'स्किल्ड वर्कर' या नोकरीच्या व्हिसासाठी पगाराची सर्वसाधारण मर्यादा २२ जुलै २०२५ पासून ४१,७०० पौंड आहे. ४२,००० आणि ४१,७०० यांत ३०० पौंडांचं अंतर आहे. १४३ पौंड वाचवायला जाऊन व्हिसाच्या नूतनीकरणात प्रश्न उभा राहिला तर ते कुठल्याच हिशेबात बसणार नाही.

बाहेर पडायचंच ठरवलं तर नोंदणीपासून एक महिन्याच्या आत पडावं लागतं, तरच कापलेले पैसे परत मिळतात. त्याचा अर्ज पेन्शन कंपनीकडून घ्यायचा असतो. मालक स्वतः तो हातात देऊन "सही करा, पगार जास्त येईल" म्हणत असेल तर ते तिथं बेकायदेशीर आहे. महिन्यानंतर बाहेर पडलात तर फक्त पुढची कपात थांबते, आधीचे पैसे आतच राहतात. आणि दर तीन वर्षांनी मालक तुम्हाला पुन्हा आत घालतो.

फंडाबद्दल. आपल्या लोकांच्या डोक्यात पेन्शन म्हणजे ईपीएफ: दर वर्षी व्याज जाहीर होणार, पासबुकात आकडा फक्त वाढणार. तिथली खाजगी पेन्शन तशी नाही. पैसा शेअर आणि रोखे यांत असतो, आकडा वर-खाली होतो. पहिल्या मंदीत २,८०० चे २,४०० दिसले की घाबरून लोक सगळं 'कॅश फंडा'त हलवतात आणि तिथंच विसरतात. वीस वर्षं कॅशमध्ये पडून राहिलेला पैसा महागाई खाऊन टाकते. आकडा शाबूत दिसतो म्हणून ते कळतही नाही. काहीच निवडलं नाही तर पैसा डीफॉल्ट फंडात जातो, आणि पंचवीस-तीस वर्षांच्या मुदतीला तो बहुधा चालून जातो. ऑटो-एन्रोलमेंटच्या डीफॉल्ट फंडाला वार्षिक खर्चाची कमाल मर्यादा ०.७५ टक्के आहे. ५०,००० पौंडांच्या खात्यावर ०.७५ टक्के म्हणजे वर्षाला ३७५ पौंड आणि ०.३ टक्के म्हणजे १५०. हा फरक दर वर्षी पडत राहतो, म्हणून जुन्या-नव्या नोकरीची खाती एकत्र करताना आधी हा आकडा बघा. सरकारनं उभी केलेली नेस्ट ही योजना वर्षाला ०.३ टक्के घेते, शिवाय भरलेल्या प्रत्येक वर्गणीतून १.८ टक्के: १०० पौंड भरले की ९८.२० गुंतवले जातात.

ऑनलाइन खात्यात 'निवृत्तीचं निवडलेलं वय' असा एक रकाना असतो. न बदलल्यास तो बहुधा सरकारी पेन्शनच्या वयावर, म्हणजे ६७ किंवा ६८ वर असतो. डीफॉल्ट फंड ते वय जवळ आलं की शेअर कमी करून रोख्यांकडे वळतो. तुम्ही ५७ व्या वर्षी पैसा काढणार असाल आणि रकान्यात ६८ असेल, तर काढायच्या दिवशीही मोठा भाग शेअर बाजारात असेल. तो दिवस मंदीचा निघाला तर? एका मिनिटाचं काम आहे, करून टाका. आणि "पौंड पडला तर पेन्शन बुडेल" ही भीती बरीचशी अस्थानी आहे. डीफॉल्ट फंडांचा मोठा भाग जगभरच्या शेअरमध्ये असतो, तो काही पौंडाच्या नोटांत ठेवलेला नसतो.

आता तुमची एनएचएस पेन्शन. हिच्यात फंड नाही, बाजार नाही, वर-खाली होणारा आकडा नाही. २०१५ च्या योजनेत दर वर्षीच्या पेन्शनपात्र पगाराचा ५४ वा भाग तुमच्या नावावर वार्षिक पेन्शन म्हणून जमा होतो. नोकरीत असेपर्यंत तो दर वर्षी महागाई अधिक १.५ टक्के या दरानं वाढतो. नोकरी सोडल्यावर महागाईइतका.

पेन्शनपात्र पगार ३२,००० पौंड धरू. ५४ नं भागलं की ५९३ पौंड. एका वर्षाच्या नोकरीनं ही एवढी वार्षिक पेन्शन पक्की होते, आणि मिळते ती हयातभर. त्यासाठी तुम्ही भरता ८.३ टक्के, म्हणजे २,६५६ पौंड. कर वाचल्यावर खिशातून साधारण २,१२५. २,१२५ एकदा द्यायचे आणि म्हातारपणी दर वर्षी ५९३ घ्यायचे, तेही महागाईनुसार वाढलेले. चार वर्षांच्या आत दिलेले फिटतात. बाजारात हे कुणी विकत देणार नाही, कारण याची खरी किंमत मालक भरतो: इंग्लंडमध्ये मालकाची वर्गणी पगाराच्या २३.७ टक्के आहे. सहा वर्षं टिकलात तर आजच्या पगाराच्या हिशेबानं वर्षाला सुमारे ३,५५० पौंडांची पेन्शन होते. महिन्याला २,१२५ ÷ १२, म्हणजे १७७ पौंड हातात जास्त यावेत म्हणून ही बंद करणाऱ्या नर्स मुली दिसतात तेव्हा खरोखर वाईट वाटतं.

तुमच्या बाबतीत एकच तारीख महत्त्वाची आहे: दोन वर्षं पूर्ण व्हायची. दोन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर आपण भरलेले पैसे परत घेता येतात, पण पहिल्या २०,००० पौंडांवर २० टक्के कर कापून, आणि मालकाचा हिस्सा शून्य. दोन वर्षं झाली की परतावा मिळत नाही. मिळवलेली पेन्शन तुमच्या नावावर ठेवली जाते. चौदा महिने झालेत, दहा उरलेत. काही कारणानं लवकर परतायचा विचार असेलच तर तेविसाव्या आणि पंचविसाव्या महिन्यात सोडण्यात किती फरक आहे ते यावरून समजून घ्या. माझा सल्ला विचाराल तर दोन वर्षं पार करा.

पूर्ण पेन्शनचं वय सरकारी पेन्शनच्या वयाला जोडलेलं आहे. तुमच्या वयाच्या माणसाला ते ६८. त्याआधी ५७ नंतर घेता येते, पण जितकी वर्षं आधी, तितकी कायमची कपात. एकरकमी हवी असेल तर वार्षिक पेन्शनमधला एक पौंड सोडून बारा पौंड मिळतात, ठरावीक मर्यादेपर्यंत. महागाईनं वाढणारी हयातभराची पेन्शन बारा वर्षांच्या भावानं विकणं मला तरी स्वस्तातलं वाटतं. नोकरीत असताना बरंवाईट झालं तर पगाराच्या दुप्पट रक्कम आणि जोडीदाराला पेन्शन हे संरक्षणही यातच आहे. ही पेन्शन आपोआप सुरू होत नाही. अर्ज करावा लागतो, आणि भारतातून करायचा तर काही महिने आधीपासून.

या दोन्हींखेरीज तुमच्या पगारातून नॅशनल इन्शुरन्स कापला जातो, त्यातून सरकारी पेन्शन मिळते असं कुणीतरी सांगितलंच असेल. तिला किमान १० वर्षं लागतात, पूर्ण मिळायला ३५. सहा-सात वर्षांत तुमची १० भरत नाहीत, आणि कापलेला इन्शुरन्स परत मिळत नाही. पूर्वी भारतात परतून स्वस्तातली 'क्लास २' वर्गणी भरून उरलेली वर्षं पुरी करता यायची. त्याचे व्हिडिओ अजून फिरतात. ६ एप्रिल २०२६ पासून परदेशातून क्लास २ बंद झाली, आणि महागडी 'क्लास ३' भरायलाही आधी तिथली १० वर्षांची पूर्वअट आली. थोडक्यात, सहा-सात वर्षांच्या बेतात सरकारी पेन्शन हिशेबात धरू नका. दहा वर्षं राहिलातच तर एवढं माहीत असू द्या की भारतात राहणाऱ्याला ती सुरुवातीच्या आकड्यावर गोठते, दर वर्षीची वाढ मिळत नाही. एनएचएस पेन्शनला हे गोठणं लागू नाही.

खरा घोळ होतो तो परत येताना, आणि तो अगदी क्षुल्लक गोष्टींनी होतो. सगळ्यात मोठा चोर म्हणजे मोबाइल नंबर. पेन्शनच्या खात्यात शिरायला ओटीपी येतो इंग्लंडच्या सिमवर. नाशिकला आल्यावर ते सिम सहा महिन्यांत बंद पडतं आणि खातं कुलूपबंद. मग परदेशी हेल्पलाइनवर ओळख पटवत बसा. निघण्याआधी ईमेल खाजगी करा (कामाचा पत्ता शेवटच्या दिवशी बंद होतो), ओटीपी ऑथेंटिकेटर अॅपवर घ्या किंवा भारताचा नंबर चालतो का ते बघा, आणि पत्ता बदला. पत्ता असा द्या की पत्र पोहोचेल: 'अमुक मंदिरामागे, पंचवटी' एवढ्यावर परदेशी टपाल भागत नाही, फ्लॅट, सोसायटी, रस्ता, ४२२००३ सारखा पिनकोड, सगळं इंग्रजीत आणि आधारवर आहे तसंच.

दुसरं, नाव. आपल्याकडे नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव अशी तीन पदं. पासपोर्टवर एक, नर्सिंग नोंदणीवर माहेरचं, पगारपत्रकावर तिसरंच, असं असेल तर चाळीस वर्षांनी हीच बाई ती हे सिद्ध करायला जीव जातो. आत्ताच पगारपत्रक, पेन्शन खातं आणि पासपोर्ट तिन्हींवर एकच नाव करून घ्या. महापालिकेचा विवाह नोंदणी दाखला अपोस्टिल (परदेशात चालेल असं सरकारी प्रमाणीकरण) करून ठेवलेला बरा.

तिसरं, वारस. खाजगी पेन्शनमध्ये 'एक्स्प्रेशन ऑफ विश' नावाचा फॉर्म असतो. तो आपल्या नॉमिनीसारखा वाटतो, पण विश्वस्तांना बंधनकारक नसतो. तरीही भरा, नाहीतर त्यांना तुमचं कुटुंब कोण हेच ठाऊक नसतं. ६ एप्रिल २०२७ पासून न वापरलेली खाजगी पेन्शन तिथल्या वारसा कराच्या हिशेबात येते, हे मोठं खातं असणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

आणि नोकरीत असताना दर महिन्याला एक काम: पगारपत्रकावर कापलेला आकडा पेन्शन खात्यात पडला का ते ताडून बघा. मालकानं इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं भरला तर पुढच्या महिन्याच्या २२ तारखेपर्यंत तो जमा व्हायला हवा. न दिसल्यास आधी पगार विभागाला लेखी, मग 'द पेन्शन्स रेग्युलेटर'कडे. कारखाना बुडायच्या मार्गावर असेल तर पहिलं लक्षण बरेचदा इथंच दिसतं.

परतल्यावर "तुमची यूके पेन्शन आत्ताच काढून देतो" म्हणणारे फोन येतील. ५५ च्या आधी असा पैसा काढला तर तो 'अनधिकृत' ठरतो आणि एकूण ५५ टक्क्यांपर्यंत कर बसतो, शिवाय दलालाचं कमिशन. ती रक्कम ईपीएफ किंवा पीपीएफमध्ये हलवता येत नाही. परदेशी योजनेत हलवायची तर ती ब्रिटिश कर खात्याच्या यादीतली असावी लागते आणि अटी मोडल्या तर २५ टक्के कर. एनएचएसची पेन्शन हवे तसे पैसे काढता येणाऱ्या खाजगी पेन्शन खात्यात हलवायलाही परवानगी नाही. बहुतेकांनी पैसा जिथं आहे तिथंच राहू द्यावा. मात्र निघण्याआधी मिस्टरांच्या कंपनीला विचारा: भारतात राहणाऱ्याला तुम्ही पैसे कसे देता? हप्त्याहप्त्यानं काढायची सोय अनेक कंपन्या परदेशी रहिवाशाला देत नाहीत. तसं असेल तर इंग्लंडमध्ये असतानाच दुसऱ्या कंपनीकडे खातं हलवणं सोपं जातं. तिथलं बँक खातंही लगेच बंद करू नका.

भारतातल्या कराचं थोडक्यात. परतल्यावर सुरुवातीला तुम्ही 'रहिवासी पण सामान्यतः रहिवासी नाही' या गटात बसू शकता: आधीच्या १० वर्षांपैकी ९ वर्षं अनिवासी, किंवा आधीच्या ७ वर्षांत भारतात ७२९ दिवस किंवा त्याहून कमी. त्या काळात परदेशात मिळालेल्या अशा उत्पन्नावर इथं कर नाही. नंतर पूर्ण रहिवासी झालात की दोन गोष्टी. एक, विवरणपत्रातल्या परदेशी मालमत्तेच्या 'शेड्यूल एफए'मध्ये पेन्शनचं खातं दाखवायचं. २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्यात न दाखवल्याचा दंड १० लाख रुपयांपर्यंत आहे. दोन, खात्यात वर्षागणिक होणाऱ्या वाढीवर इथं आत्ताच कर लागू नये म्हणून सवलत आहे: ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडातल्या निवृत्ती खात्यांना जुन्या कायद्याच्या कलम ८९अ खाली फॉर्म १०-ईई भरून, तिकडे पैसा काढेपर्यंत कर पुढे ढकलता येत होता. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाल्यानं कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदललेत, तेव्हा सीएकडे जाताना "परदेशी निवृत्ती खात्यावरची सवलत" असंच सांगा. हा पर्याय एकदा घेतला की मागे घेता येत नाही, आणि विवरणपत्राच्या मुदतीत भरावा लागतो. फक्त पगारदारांची विवरणपत्रं भरणाऱ्या सीएला हे माहीत नसण्याची शक्यता बरीच. परदेशी उत्पन्नाचं काम करणारा शोधा.

मिस्टरांच्या अंबडच्या नोकरीतला ईपीएफ विसरलेला नाही ना? नोकरी सुटल्यानंतरचं व्याज करपात्र आहे, आणि पाच वर्षांच्या आत काढला तर मुद्दलाच्या बाजूनंही कराचा प्रश्न येतो. पेन्शन भागाला १० वर्षांची नोकरी लागते. कमी असेल तर फॉर्म १०-सी भरून काढून घेता येतो किंवा स्कीम सर्टिफिकेट घेता येतं. परत येऊन पुन्हा इथं नोकरी करायची असेल तर सर्टिफिकेट घ्या, आधीची वर्षं पुढे मोजली जातात. यूएएनला जोडलेला मोबाइल नंबर मात्र चालू ठेवा. इथंही ओटीपीचीच गंमत.

राहिले धाकटे दीर. ऑस्ट्रेलियात गोष्ट उलटी: तिथं योजना खरोखर निवडता येते. मालक पगाराच्या १२ टक्के 'सुपर'मध्ये, म्हणजे तिथल्या निवृत्ती खात्यात, भरतो (१ जुलै २०२५ पासून), आणि कोणत्या फंडात ते सांगायचा फॉर्म नोकरीच्या सुरुवातीलाच हातात देतो. कर खात्याच्या संकेतस्थळावर 'युअरसुपर' तुलना आहे. नियामकाच्या कामगिरी चाचणीत पास झालेला, खर्च कमी असलेला फंड निवडायचा आणि पुढच्या नोकरीतही तोच चालू ठेवायचा. नाहीतर दर नोकरीला एक खातं आणि प्रत्येकाचं वेगळं शुल्क.

तात्पुरत्या व्हिसावर असतील आणि परतणार असतील, तर व्हिसा संपून देश सोडल्यावर ही रक्कम काढता येते, पण ३५ टक्के कर कापून. आत येतानाही १५ टक्के कापलेले असतात. म्हणजे १०० डॉलर भरले की आत ८५ पडतात, आणि बाहेर येताना, वाढ बाजूला ठेवली तर, हातात ५५ डॉलर २५ सेंट. म्हणून मालकाचे १२ टक्के आनंदानं घ्यावेत, स्वतःच्या पगारातून मात्र एक डॉलरही जादा टाकू नये. वर्किंग हॉलिडे व्हिसा असेल तर हाच कर ६५ टक्के आहे. पुढे तिथलं कायमचं निवासित्व मिळालं तर हा मार्ग बंद होतो आणि पैसा ६० पर्यंत आतच राहतो. मग जादा भरण्याचा हिशेब पुन्हा नव्यानं मांडावा लागेल. परतीचा अर्ज कर खात्याच्या संकेतस्थळावर फुकट भरता येतो, एजंट लागत नाही. सहा महिन्यांत नाही केला तर फंड ती रक्कम कर खात्याकडे वळती करतो. मिळते तिथूनही, पण तोपर्यंत तिथलं बँक खातं बंद केलेलं असतं आणि पैसे मागवायचे कुठं हा नवा घोळ सुरू होतो. दीरांना सांगा, विमानात बसायच्या आधी अर्ज अर्धा भरून ठेव, आणि पैसे येईपर्यंत बँकेचं खातं चालू ठेव.